गडावरची श्रमदान मोहीम: माणसं सुखरूप खाली कशी आणायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या तालुक्यातल्या गडावर १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधीच्या रविवारी श्रमदान ठरलं आहे. टाक्यातला, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदातला, गाळ काढायचा, तटावरची झाडी तोडायची, पायऱ्यांवरची माती हटवायची. ८० जणांनी नावं दिली आहेत, त्यांत कॉलेजची मुलंमुली बरीच. हातमोजे, दोर आणि प्रथमोपचार पेटी जमवून झाली, आता आणखी काय घ्यावं? आणि दोन पालकांनी ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ असं विचारल्यामुळे सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घ्यावं का?

मी एकोणीस वर्षं पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या गडांवर अशा मोहिमांना जातो. पहिली पाच-सहा वर्षं घमेली उचलली, त्यानंतर मोहीमप्रमुख म्हणून काम बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण सामानाच्या यादीत नाही. यादी कोणीही करून देईल. अडचण ८० या आकड्यात आहे आणि काम थांबवायचा अधिकार कोणाकडे, हे अजून ठरलेलं नाही, यात आहे.

रोजंदारीवरचा गवंडी ‘इथला दगड हलतोय, मी नाही चढणार’ असं मुकादमाला तोंडावर सांगतो. श्रमदानाला आलेला मुलगा तसं कधीच सांगत नाही. तो पदरचं तिकीट काढून, रविवारची झोप मोडून महाराजांच्या गडासाठी काही करायला आलेला असतो. तहान लागली तरी गप्प राहतो, पाय मुरगळला तरी बूट काढून बघत नाही, शेजारचा भरलं घमेलं उचलतो म्हणून हाही भरलंच उचलतो. ज्या श्रद्धेपोटी तो आला, तिच्यापायीच त्याला इजा होते. म्हणून त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी गडावर हवं, आणि ते माणूस आदल्या आठवड्यातच नेमलेलं हवं.

काही गोष्टी तुमच्या गडावर अवलंबून आहेत. चढ किती वेळाचा, वाट कातळातली की घसाऱ्याची, पायथ्याला गाडी कुठवर येते, गड पुरातत्त्व विभागाचा की वनखात्याचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी तास-सव्वा तासाचा चढ, पायथ्याशी गाव आणि कोरडी हवा असं धरून चाललो आहे. जलदुर्ग असेल तर भरती-ओहोटी आणि होडी यांचा वेगळा विचार करावा लागेल.

आधी आकड्याबद्दल. साधारण नऊ वर्षांपूर्वी एका गडावर आम्ही ६५ जण होतो. एक गट तटावर झाडी काढत होता आणि दुसरा त्याच तटाच्या खालच्या पायऱ्यांवर माती उपसत होता. वरच्या एका मुलाने चिऱ्यांच्या सांध्यात उगवलेलं उंबराचं रोप दोन्ही हातांनी धरून ओढलं. रोप मुळासकट आलं आणि मुळाच्या विळख्यातला चिराही सुटला. ‘दगड! दगड!’ ओरडेपर्यंत चिरा दोन पायऱ्या आपटून खाली आला होता. पाण्याचा कॅन फोडून तो एका दुर्गसेवकाच्या नडगीवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी आठ-दहा फुटांवरून ऐकला.

चूक माझी होती. वर आणि खाली एकाच वेळी काम लावायला नको होतं. तेव्हापासून नियम एकच: वर माणूस असेल तर खालची जागा रिकामी, दोरी बांधून बंद. पण आज सांगायचं आहे ते त्यानंतरचं. दोन बांबू आणि चार जाड शर्ट घेऊन आम्ही डोली केली. चढायला पन्नास मिनिटं लागलेली वाट उतरायला चार तास वीस मिनिटं लागली. अरुंद वाटेवर एका वेळी सहा जणांनी धरायचं, पाच-सात मिनिटांत हात भरून येतात, मग पुढच्या सहा जणांनी घ्यायचं. पुढे वाट दाखवणारा एक, जखमीशी सतत बोलत राहणारा एक, सामान घेणारे वेगळे. २२ जण एका माणसाच्या मागे लागले. उरलेले ४२ जण गडावर होते आणि त्यांच्यापाशी एकही अनुभवी माणूस उरला नाही, कारण अनुभवी सगळे डोलीला लागले होते. दुसऱ्या कोणाला काही झालं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी ‘किती जणांना नेता येईल?’ असा हिशोब करत नाही. ‘एक डोली उतरवून उरलेल्यांना नीट सांभाळणारे अनुभवी किती उरतील?’ असा करतो. तुमच्याकडे तो गड आधी चढलेले आणि मोहिमांत राबलेले आठ जण असतील, तर ४० च्या वर जाऊ नका. दहा-दहा जणांचे चार गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख आणि एक त्याचा जोडीदार. प्रमुख डोलीबरोबर गेला तरी जोडीदार गटाजवळ राहतो. उरलेल्या ४० जणांना पुढचा रविवार द्या. नाराजी होईल. पण गाळ कुठे पळून जात नाही. आणि ४० जण नीट लावले तर ८० जणांच्या गोंधळापेक्षा काम जास्त होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता परवानगी. अनेक मंडळं ती कागदाचा सोपस्कार म्हणून बघतात, मला ती सुरक्षेचा भाग वाटते. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर १९५८ च्या कायद्यानुसार स्मारकाला नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हेतू चांगला होता म्हणून ते नुकसान भरून निघत नाही. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, वनहद्दीत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा. खरा फायदा पुढे आहे. त्यांचा माणूस पाहणीला आला की कोणता बुरूज पोटातून फुगला आहे, कोणत्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, उभं राहायचं नाही, हे तो दाखवतो. तटातल्या पिंपळ-उंबराबद्दलही तोच सांगेल. ती झाडं दगड सरकवतात हे खरं, पण एकदा वाढली की तीच मुळं दगड धरूनही ठेवतात. ती ओढायची नसतात. खात्याच्या देखरेखीखाली बुंध्याशी कापून मुळं जागच्या जागी मारावी लागतात. तुमच्या पहिल्या मोहिमेत तटावरची झाडी हे काम ठेवूच नका. पायवाट, पायऱ्या आणि एक उघडं टाकं, एवढं पुरे.

पाहणीला मोहिमेच्या आठवडाभर आधी जा, पायथ्याच्या गावातला गुराखी किंवा वाटाड्या बरोबर घ्या, आणि त्याला पहिला प्रश्न मधमाश्यांचा विचारा. कड्याच्या ओठाखाली, बुरुजाच्या सावलीच्या बाजूला, दरवाज्याच्या कमानीत आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात फुलोरा असतो, पोळी भरलेली असतात. शिवनेरीसारख्या गजबजलेल्या गडावरही मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या आपण वाचतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो: तोडलेली झाडी गडावर जाळू नका. धूर कड्याच्या कडेने वर चढतो आणि नेमका पोळ्यात जातो. शिवाय त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते. शिवजयंतीच्या उत्साहात मशाली आणि फटाके नेतात, तेही पोळ्याच्या आसपास नकोत. अत्तर, डिओ, उग्र वासाचं केसांचं तेल लावून येऊ नका, हे आदल्या दिवशी निरोपात लिहा. ड्रोनवाल्या हौशी मित्राला पायथ्याशीच थांबवा.

माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. उपरणं, टी-शर्ट, पोतं, जे हाताशी असेल ते डोक्यावरून घेऊन तोंड झाकायचं आणि ठरलेल्या वाटेने दूर जायचं. मी दोनदा पाहिलं आहे, डोळे मिटून धावणारा माणूस कड्याकडे धावतो. म्हणून पळायची दिशा सकाळीच दाखवून ठेवा: ‘माश्या उठल्या तर या देवळाकडे.’ टाक्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. काटे लगेच काढा, नखाने काढा की चिमटीने याला महत्त्व नाही, वेळेला आहे, कारण काटा रुतून असेपर्यंत विष उतरत राहतं. अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, धाप लागली, चक्कर आली, यांतलं एक जरी दिसलं तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना. आणि कोणाला पन्नास-साठ डंख झाले असतील तर तो हसतखेळत असला तरी न्या, त्रास दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडांवर दिसू शकतो.

सापांबद्दल थोडक्यात. दगड उचलताना पहारीने तो आपल्याकडे कलता करा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि आत फुरसं असलं तर ते पलीकडे निघतं. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातातलं कडं-अंगठी काढा, तो भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून आणा. प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते, त्यामुळे साप मारून दाखवायला न्यायची गरज नाही. मात्र ती लस सर्वांत जवळ कुठे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात की ग्रामीण रुग्णालयात, हे पाहणीच्याच दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारा. ‘असेल’ या उत्तरावर समाधान मानू नका.

आता टाकं. सगळ्यात जास्त उत्साह इथे असतो आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच.

वरून वाळलेला गाळ जमिनीसारखा दिसतो. त्यावर पाय टाकला की खपली फुटते आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. म्हणून आधी लांब बांबूला हातहातभर अंतरावर सुतळी बांधून चार ठिकाणी गाळाची आणि पाण्याची खोली मोजा. माणसाच्या उंचीपेक्षा खोल टाक्यात मी नवख्याला उतरवत नाही. जुना माणूस उतरला तरी त्याच्या छातीला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दोन माणसं, ज्यांना दुसरं काही काम नाही. खांबटाकं असेल, म्हणजे आत कातळात खांब सोडून कोरलेलं, तर उजेड पोचतो तिथवरच जायचं. आतली हवा कोंडलेली असते, सडलेल्या पाल्याचा वायू साचलेला असू शकतो. पाणी उपसायला डिझेलचं इंजिन आणलं असेल तर ते टाक्यात किंवा काठाला लावू नका, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब ठेवून पाइप लांबवा. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आत कोणी चक्कर येऊन पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. विहिरीत एकामागून एक माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांत नंतरचे बहुतेक जण वाचवायला उतरलेले असतात.

घमेल्यांची साखळी साधी दिसते, पण अर्धे लोक तिच्यातच पाठ धरून घरी जातात. माणसं एका रांगेत, एका बाजूला तोंड करून उभी केली की प्रत्येकाला कंबर पिळावी लागते. त्याऐवजी समोरासमोर दोन ओळी करा, एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे घमेलं नागमोडी जातं आणि कोणाला पाय उचलावा लागत नाही. घमेलं अर्धं भरा. ओला गाळ मातीपेक्षा किती जड लागतो ते पहिल्याच घमेल्याला कळतं. फेकून झेलायचं नाही, हातातून हातात द्यायचं. लोखंडी घमेल्याची कड बोटं कापते, म्हणून रबरी-प्लास्टिकची मिळाली तर बरी. दर वीस मिनिटांनी दोन्ही ओळींनी जागा बदलायच्या. टिकाव-फावड्यांची दांडी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून पातं घट्ट बसतं. तरी सकाळी प्रत्येक टिकाव उलटा आपटून पाचर बघायचीच. टिकाव मारणाऱ्या दोघांत दोन दांड्यांएवढं अंतर हवं.

गाळात खापरं, नाणी, तोफगोळा किंवा कोरीव दगड लागला तर काम थांबवून खात्याच्या माणसाला कळवा. खिशात घालायचा मोह तरुण मुलांना होतो, हे सकाळीच स्पष्ट बोला.

वाटेवरची झाडी काढतानाची दोन दुखणी सांगतो. निवडुंग आणि शेर तोडले की पांढरा चीक उडतो. तो डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते आणि बुबुळाला इजा होते. साधा दहावीस रुपयांचा प्लास्टिकचा चष्मा प्रत्येक कोयतेवाल्याला द्या. चीक गेलाच तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टरकडे न्या, दोन शिपके मारून सोडू नका. दुसरी खाजकुयली. या दिवसांत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात, वाऱ्यानेही कुसं उडतात. चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचकटायची, मग धुवायचं.

माणसांकडे वळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढावरच हृदयविकाराने मृत्यू झाला. रोज कसरत असणाऱ्या माणसाची ही गत होऊ शकते, तर आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी चढणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाची काळजी वेगळी घ्यायला हवी. नाव नोंदवताना दम, हृदय, रक्तदाब, मधुमेह, फिट आणि मधमाशीची ॲलर्जी, एवढं विचारा. पण हे व्हॉट्सॲपच्या गटात विचारू नका, कोणी खरं सांगत नाही. एकेकाला फोन करा. गडावर न येऊ शकणाऱ्याला पायथ्याचं काम द्या आणि ते मानाचं काम आहे असं वागा. गाडीजवळ थांबणारा, रेंज असलेल्या जागी फोन घेऊन बसणारा, जेवणाचं बघणारा, हे तिघे नसतील तर वरचे ४० जण अडकतात.

पाण्याचा हिशोब असा. चढताना एक लिटर, कामात दोन, उतरताना एक, म्हणजे माणशी चार लिटर. ४० जणांना १६० लिटर, म्हणजे १६० किलो वजन. ते ‘वर न्यायची व्यवस्था करू’ म्हणून होत नाही. प्रत्येकाने तीन लिटर स्वतः आणायचं, पायथ्याशी बाटल्या तपासायच्या, आणि उरलेलं शनिवारी दोघा-चौघांनी वर पोचवायचं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लिंबू असेल तर पिळा. तास झाला की शिट्टी आणि सगळ्यांनी प्यायचं, तहान असो नसो. साडेसहाला चढायला लागा, साडेअकराला हत्यारं खाली. तीन वाजता शेवटचा माणूस पायथ्याला हवा.

इथे आणखी एक, आयोजक बहुधा पुरुष असतात म्हणून हे राहून जातं. मुली गडावर पाणी पीत नाहीत, कारण आडोसा नसतो. सकाळपासून घोटभरही न पिता त्या घमेली उचलतात आणि अकराला डोळ्यांपुढे अंधारी येते. मोहिमेत चक्कर येणाऱ्यांत मुली जास्त असतात, तेव्हा लोक ‘नाजूक आहेत’ म्हणतात. नाजूक नसतात, तहानलेल्या असतात. दोन बांबू आणि दोन जाड चादरी लावून आडोसा करा, एका ताईला त्याची जबाबदारी द्या, आणि सकाळच्या सूचनांत तिनेच सगळ्यांसमोर ते सांगावं.

आता तो ‘थांबा’ म्हणणारा माणूस. आमच्याकडे मोहीमप्रमुख हत्याराला हात लावत नाही. घमेलं उचललं की नजर घमेल्यात अडकते, आणि त्याने तर सगळीकडे बघायचं असतं. सगळे राबत असताना नुसतं उभं राहायची लाज वाटते, मलाही पहिल्या मोहिमांत फार वाटायची. तरी हे पाळा. त्याच्याबरोबर प्रत्येक गटप्रमुखाच्या गळ्यात शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं जिथल्या तिथे थांबवा आणि वर बघा, तीन शिट्ट्या म्हणजे ठरलेल्या जागी जमा. पायथ्याशी दोनदा सराव घ्या. आणि सगळ्यांना सांगा की ‘थांबा’ कोणीही ओरडू शकतो, अकरावीतली पोरगीसुद्धा. तिने दिलेलं कारण चुकीचं निघालं तरी तिला कोणी बोलायचं नाही. गेल्या पावसाळ्याआधी एका नवख्या मुलीने असं थांबवलं, तिला पायरीखाली पोकळ आवाज आला होता. पहार घातली तर खाली हातभर पोकळी होती.

हमीपत्राबद्दल. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ असं लिहून घेतल्याने आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. हयगयीने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होऊ शकतं, त्याला हा कागद ढाल होत नाही. तरी कागद घ्या, पण दुसऱ्या कामासाठी: घरचा फोन, रक्तगट, औषधं आणि धोक्यांची माहिती दिल्याची सही. अठराच्या आतल्यांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय नेऊ नका. टाक्यात, कड्याजवळ तर त्यांना कामच देऊ नका. विम्यापैकी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळते, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यू आणि पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. पण तिच्यात दवाखान्याचा खर्च नाही, आणि हाड मोडल्यावर तोच लागतो. म्हणून मंडळाच्या नावे गटाचा व्यक्तिगत अपघात विमा घ्या, त्यात उपचाराचा खर्च धरलाय का आणि ‘साहसी खेळ’ म्हणून गड वगळलाय का, हे वाचून घ्या. मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी सुमारे ४०० कोटींचा विमा काढला, त्यातले ३२५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी अशा राबणाऱ्या माणसांच्या अपघात संरक्षणाचे होते. दागिन्यांचा वाटा त्याहून कितीतरी कमी. आपला आकडा हजारांत असेल, पण क्रम तोच ठेवा.

त्या दोन पालकांना कागद पाठवू नका, फोन करा. वर किती जण जाणार, मुलगा कोणत्या गटात, गटप्रमुख कोण, काम कोणतं, दवाखाना कुठला, हे सांगा. एका पालकाला पायथ्याच्या कामाला बोलवा. माझ्या अनुभवात असे पालक पुढच्या मोहिमेत सगळ्यात भरवशाचे ठरतात.

उतरताना सगळे दमलेले असतात, गप्पा मारत एकेक जण पुढे निघतो. तेव्हा सकाळच्या हजेरीची वही वरच उघडा, नाव घेऊन मोजा, सगळ्यात जुना माणूस शेवटी ठेवा, आणि पायथ्याशी पुन्हा नावानिशी मोजा. ‘सगळे आले’ हे उत्तर घेऊ नका. आम्ही एकदा ३८ मोजले, वहीत ३९ होते. एक मुलगा टाक्याजवळ विसरलेली बाटली आणायला परत गेला होता आणि अंधार पडत होता. सोमवारी सगळ्यांना एक फोन: अंगात कणकण, लघवी कमी किंवा लालसर, जखम लाल झाली का? जखमेसह गाळात उतरलेल्याला ताप आला तर डॉक्टरला ‘साचलेल्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगायला लावा, लेप्टोस्पायरोसिसचा विचार त्यामुळे वेळेवर होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे त्याच फोनवर विचारा.

पाहणी करून आलात की टाक्याची खोली, पोळ्यांच्या जागा आणि पायथ्यापासून गाडीरस्त्याचं अंतर कळवा. कोणता गट कुठे उभा करायचा, ते तुमच्या गडाप्रमाणे सांगतो.